पाककृतीसोबत तारीखही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ख्रिसमसच्या आदल्या रविवारी आपल्या पुरवणीत जर्मन श्टोलनची, म्हणजे बेदाणे-बदाम घातलेल्या ख्रिसमसच्या पावाची, पाककृती आली होती. साहित्य बहुतांशी बरोबर होतं, कृतीही वाईट नव्हती. तरी वरातीमागून घोडं, अशी तिची गत झाली. श्टोलन नोव्हेंबरच्या मध्याला, फार तर महिनाअखेरीला भाजतात आणि ख्रिसमसपर्यंत कापडात गुंडाळून थंड जागी ठेवतात. ज्यांनी पुरवणी वाचून त्याच दिवशी तो भाजला आणि संध्याकाळी कापला, त्यांच्या पानात बेदाणे घातलेला कोरडा, भुसभुशीत पाव पडला असणार. जर्मन लोकांना याचं एवढं काय कौतुक, असंही त्यांना वाटलं असणार.

कोणता पदार्थ कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, किती दिवस नुसता मुरत ठेवायचा, हे जर्मन घरांत पक्कं ठरलेलं असतं. त्यामागे बहुतेक वेळा शेतीचं, थंडीचं किंवा उपासाचं कारण असतं. पुरवण्यांतल्या पाककृतींमधून नेमकं हेच गळतं, आणि त्यासोबत पिठाचा नंबर आणि बटाट्याची जातही गळते. मग पदार्थ फसतो आणि दोष करणाऱ्याच्या हाताला लागतो. म्हणून हे लांबलचक पत्र.

श्टोलनपासूनच सुरुवात करतो. ड्रेस्डेनच्या श्टोलनला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे आणि त्याचं किमान प्रमाण ठरलेलं आहे: १०० भाग मैद्याला ५० भाग बटर, ६५ भाग बेदाणे, २० भाग साखरेत मुरवलेली संत्र्याची व सिट्रनची (महाळुंगाची) साल आणि १५ भाग बदाम. मार्जरिन चालत नाही. घरी ५०० ग्रॅम मैदा घेतला तर २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ३२५ ग्रॅम बेदाणे, १०० ग्रॅम साल, ७५ ग्रॅम बदाम, साधारण तेवढीच साखर, १२५ मिली दूध, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि ताज्या यीस्टची ४२ ग्रॅमची एक वडी लागते. बेदाणे आदल्या रात्री चार-पाच चमचे रममध्ये भिजवावेत आणि सकाळी चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. ओलेच घातले तर प्रत्येक बेदाण्याभोवती पीठ कच्चट राहतं.

एवढं बटर पहिल्यापासून पिठात असेल तर यीस्ट सुस्तावतं. म्हणून आधी पिठाच्या तिसऱ्या हिश्शात कोमट दूध, यीस्ट आणि चमचाभर साखर कालवून ते अर्धा तास फुगू देतात. मग उरलेलं पीठ, साखर, मीठ आणि बटर घालून मळतात. बटर मऊ हवं. वितळवलेलं घातलं की पीठ तेलकट होऊन बसतं. सुका मेवा अगदी शेवटी, हलक्या हाताने, मिनिटभरात मिसळायचा. जास्त मळलं की बेदाणे फुटतात, पीठ करडं दिसायला लागतं आणि ताणलं की तुटतं. आकार दिल्यावर वर डोकावणारे बेदाणे वेचून काढावेत, कारण भट्टीत ते जळून कडू होतात. १७५ अंश सेल्सिअसवर दोन लहान श्टोलन ४५ ते ५० मिनिटांत होतात. बाहेर काढल्याबरोबर वितळलेलं बटर दोनदा लावायचं, वर साखर भुरभुरायची आणि पूर्ण गार झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर द्यायचा. पुष्कळजण हा थर शोभेचा समजून कमी करतात. बटर आणि साखरेचं हे कवच आतली ओल धरून ठेवतं. दोन ते चार आठवड्यांत बेदाण्यांतली ओल आणि सालीचा वास सगळ्या पावात सारखा पसरतो, आणि तेव्हा कुठे तो श्टोलन होतो. कापतानाही टोकापासून कापत नाहीत. बरोबर मधून कापून आतल्या चकत्या काढतात आणि उरलेले दोन भाग कापलेल्या बाजूने पुन्हा जोडून गुंडाळून ठेवतात, म्हणजे कापलेला भाग उघडा पडून वाळत नाही.

बटरलाही इतिहास आहे. ख्रिसमसच्या आधीचे अ‍ॅडव्हेंटचे आठवडे पूर्वी उपासाचे असत आणि त्यांत बटर वर्ज्य होतं. पीठ तेलात मळलं जाई. १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी सॅक्सनीला, म्हणजे ड्रेस्डेन ज्यात येतं त्या प्रांताला, बटर वापरायची परवानगी दिली. ड्रेस्डेनचा श्ट्रित्सेलमार्क्ट हा ख्रिसमसचा बाजार मात्र १४३४ पासून भरतो. म्हणजे बाजार आधीचा, आणि आज आपण ज्याला श्टोलन म्हणतो तो भरपूर बटरचा पाव नंतरचा.

अ‍ॅडव्हेंटच्या चार रविवारी दर आठवड्याला एकेक मेणबत्ती वाढवत जायची पद्धत हॅम्बर्गची. १८३९ मध्ये योहान हिन्रिश विशेर्न यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांना ख्रिसमसपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या. घरातली बिस्किटं याच आठवड्यांत भाजतात, आणि त्यांचाही क्रम असतो. लेबकुखेन (मध-मसाल्याची बिस्किटं) आणि श्प्रिंगरले आधी, कारण ती भाजल्यावर दगडासारखी कडक असतात आणि डब्यात मऊ व्हायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. बटर जास्त असलेली व्हॅनिलकिपफेर्ल सगळ्यात शेवटी, कारण त्यांची चव ताजेपणात आहे. डबे वेगवेगळे हवेत. कुरकुरीत बिस्किटं मऊ बिस्किटांसोबत ठेवली की दोन्ही बिघडतात. लेबकुखेनच्या डब्यात सफरचंदाची एक फोड कागदावर ठेवतात आणि बुरशी येऊ नये म्हणून दर दोन दिवसांनी ती बदलतात.

यांतलं श्प्रिंगरले हे श्वाबियातलं, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या आमच्या भागातलं, बिस्किट जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ५०० ग्रॅम मैदा, ५०० ग्रॅम पिठीसाखर, ४ अंडी आणि सुरीच्या टोकावर मावेल एवढं अमोनियम बायकार्बोनेट, एवढंच साहित्य. बटर अजिबात नाही. अंडी आणि साखर किमान दहा मिनिटं, पांढरी दाट होईपर्यंत फेटतात. मग पीठ घालून मळतात, तासभर झाकून ठेवतात आणि बोटाच्या जाडीचं, म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर लाटतात. पेअरच्या लाकडात कोरलेला साचा त्यावर घट्ट दाबला की पक्षी, फूल, घोडेस्वार उमटतो. कापलेले तुकडे अ‍ॅनिसचे (बडीशेपेसारखे) दाणे पेरलेल्या ट्रेवर मांडून खोलीत २४ तास वाळू द्यायचे, आणि वाऱ्याचा झोत मात्र लागू द्यायचा नाही. वरचा पृष्ठभाग सुकून पक्का होतो आणि बूड मऊ राहतं. भट्टीत गेल्यावर वरच्या बाजूला फुगायला वाव नसतो, म्हणून बिस्किट खालून उचललं जातं आणि त्याला चहूबाजूंनी एक सुबक पाय फुटतो. चित्र जसंच्या तसं राहतं. वाळवण कमी पडलं तर चित्र पसरून पुसट होतं. खिडकीतून वारा लागून एकच बाजू आधी वाळली तर पाय तिरका येतो. भट्टी १५० अंशांच्या वर नको, कारण वरची बाजू पांढरीच राहायला हवी. अमोनियम बायकार्बोनेट फक्त अशा पातळ, कोरड्या बिस्किटांतच वापरतात. जाड केकमध्ये त्याचा वायू बाहेर पडू शकत नाही आणि केकला उग्र वास येतो.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे २४ डिसेंबरला, असंख्य जर्मन घरांत जेवायला काय असतं? बटाट्याचं सॅलड आणि गरम सॉसेज. हे वाचून अनेकांचा विरस होतो, पण यामागचा विचार सरळ आहे. हा दिवस पूर्वी उपासाचा होता, त्यामुळे जेवण साधं. शिवाय घरच्यांना चर्चला जायचं असतं, झाड सजवायचं असतं, म्हणून सॅलड सकाळीच करून ठेवता येतं. उत्तरेत ते मेयोनेजमध्ये करतात, दक्षिणेत गरम रश्शात. श्वाबियातली रीत अशी: एक किलो बटाटे सालासकट उकडायचे, हाताला सोसवेल इतके गरम असतानाच सोलून पातळ चकत्या करायच्या. पाव लिटर कढत मांसाचा किंवा भाज्यांचा रस्सा, चार चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, बारीक चिरलेला कांदा, मीठ आणि मिरपूड हे सगळं चकत्यांवर ओतून अर्धा तास ठेवायचं. तेल सगळ्यात शेवटी. तेल आधी घातलं की चकतीवर त्याचा लेप बसतो आणि रस्सा आत शिरत नाही. मग वाडग्यात तळाशी पाणी आणि वर कोरडे बटाटे, अशी अवस्था होते. सॅलड हलवताना ओलसर, जरासा गिळगिळीत आवाज यायला हवा. श्वाबियातल्या घरांत याच आवाजावरून पारख होते. सॉसेज उकळत्या पाण्यात टाकायचे नाहीत. पाणी उकळून गॅस बंद करायचा आणि दहा मिनिटं त्यात ठेवायचे, नाहीतर साल फुटते आणि चव पाण्यात जाते.

हे सगळं बटाट्याच्या जातीवर अवलंबून आहे, आणि जर्मनीत बटाटा नुसता बटाटा म्हणून विकत घेत नाहीत. पिशवीवर लिहिलेलं असतं आणि बहुतेक ठिकाणी रंगही असतो: हिरवा म्हणजे घट्ट राहणारा, लाल म्हणजे मधला, निळा म्हणजे पिठूळ. सॅलडला हिरवा. निळा घेतला तर चकत्यांचा लगदा होतो. क्नोडेलला उलट, निळाच हवा.

क्नोडेल म्हणजे बटाट्याचे मोठे गोळे, सणाच्या मांसाच्या रश्शासोबत खातात ते. एक किलो पिठूळ बटाटे सालासकट उकडून, गरम असताना सोलून जाळीच्या दाबयंत्रातून काढायचे आणि ताटात पसरून वाफ जाऊ द्यायची. मिक्सरमध्ये कधीही फिरवू नयेत. बटाट्यातल्या पेशी फुटून पिष्ट मोकळं होतं आणि खळ तयार होते. गार झाल्यावर १५० ते २०० ग्रॅम बटाट्याचं स्टार्च, दोन अंड्यांचे बलक, मीठ आणि जायफळ. मधोमध बटरमध्ये तळलेले पावाचे दोन-तीन तुकडे. खारं पाणी उकळून मंद करायचं आणि त्यात गोळे १५ ते २० मिनिटं हळूच तरंगू द्यायचे. पाणी खदखदलं की गोळे फुटतात. सगळे सोडण्याआधी एकच गोळा सोडून पाहणं हा अनुभवी घरांतला नेम आहे: तो विरघळला तर पिठात आणखी स्टार्च, रबरासारखा लागला तर पुढच्या वेळी कमी.

हे क्नोडेल वर्षातून दोन प्रसंगी हमखास होतात: ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, मुलं कंदील घेऊन गल्लीतून गात जातात त्याच्या आसपास, आणि २५ डिसेंबरला. दोन्ही वेळा सोबत भाजलेला हंस आणि लाल कोबी. चार-पाच किलोचा हंस सफरचंद, कांदा आणि बाइफुस नावाची कडसर वनस्पती भरून १७० अंशांच्या आसपास ठेवतात, दर किलोला साधारण तासभर. मांडीखालची कातडी सुईने टोचायची म्हणजे चरबी गळते. सुई मांसात जाऊ द्यायची नाही. शेवटच्या पाव तासात भट्टी वाढवून मिठाचं पाणी लावलं की कातडी कुरकुरीत होते. गळलेली चरबी कुणी टाकत नाही. कांदा-सफरचंद घालून ती पुढचे आठवडे पावाला लावतात. लाल कोबीत व्हिनेगर आणि सफरचंद घालतात ते रंगासाठीही: आंबट नसेल तर शिजताना कोबी निळसर पडतो.

आता रोजचं जेवण. जर्मन घरात पिढ्यानपिढ्या गरम जेवण दुपारचं आणि संध्याकाळी सहा-सात वाजता थंड जेवण: पाव, बटर, चीज, सॉसेजच्या चकत्या, लोणच्यातली काकडी, मुळा. नोकरीच्या वेळांनी यात फरक पडलाय, पण संध्याकाळच्या पावाचं स्थान ढळलेलं नाही. जर्मन पावसंस्कृती २०१४ पासून देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

आणि इथेच पिठाचा नंबर येतो. जर्मन पिठाच्या पुडीवर ४०५, ५५०, १०५० असा आकडा असतो. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजं, उरतात तो हा आकडा. आकडा मोठा, तेवढा कोंडा जास्त. ४०५ केक-बिस्किटांना, ५५० पाव आणि यीस्टच्या पिठाला, १०५० गडद पावाला. राय या गव्हासारख्या धान्याचं ११५० हे रोजच्या पावाचं पीठ. पाककृतीत हा आकडा दिला नाही तर पाण्याचं प्रमाण चुकणारच, कारण कोंडा जास्त असलं की पीठ जास्त पाणी पितं.

रायच्या पावाला आंबवण लागतं ते चवीपुरतं नाही. रायमध्ये पिष्ट तोडणारं एन्झाइम फार जोमदार असतं आणि भट्टीत पाव सेट व्हायच्या आतच ते पिष्टाची साखर करायला लागतं. नुसत्या यीस्टवर केलेला शुद्ध रायचा पाव आतून चिकट राहतो, सुरीला लगदा लागतो. आंबटपणामुळे ते एन्झाइम थंडावतं. आणि भाजल्यावर रायचा पाव त्याच दिवशी कापू नये. एक रात्र जाऊ दिली की आतला भाग स्थिरावतो, चकत्या नीट पडतात.

शनिवारी एका भांड्यातलं जेवण, म्हणजे मसुराचं सूप, हे अनेक घरांत ठरलेलं. त्यात व्हिनेगर घालतात, पण मसूर पूर्ण शिजल्यावर. आधी घातलं की आंबटामुळे मसूर टणकच राहतात. श्वाबियात त्यासोबत श्पेत्सले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या आखूड शेवया: ५०० ग्रॅम ५५० नंबरचं पीठ, ५ अंडी, दीड चमचा मीठ, १५० ते २०० मिली पाणी. लाकडी चमच्याने पीठात बुडबुडे येईपर्यंत बडवायचं, पाव तास ठेवायचं आणि ओल्या पाटीवरून सुरीने थेट उकळत्या पाण्यात खरवडायचं. वर आले की झाऱ्याने काढायचे. रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, त्यामुळे बाजार शनिवारी होतो आणि रविवारी दुपारी तीन-चारला कॉफी आणि घरचा केक.

वसंताची सुरुवात हिरव्या पानांनी होते. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फ्रँकफर्टच्या घरांत त्या वर्षीचा पहिला हिरवा सॉस होतो: पार्सली, चाइव्ह, क्रेस, चेर्विल, बोराज, सॉरेल आणि बर्नेट या सात पानांचा, आंबट मलईत कालवलेला, उकडलेली अंडी आणि बटाट्यांसोबत. पानं सुरीनेच चिरायची. मिक्सरमध्ये ती कडवट आणि बुळबुळीत होतात.

याच दिवसांत लोक जंगलात बेअरलाउख, म्हणजे रानलसणाची पानं तोडायला जातात, आणि इथे एक इशारा द्यायलाच हवा. लिली ऑफ द व्हॅली आणि ऑटम क्रोकस या दोन विषारी वनस्पतींची पानं अगदी तशीच दिसतात आणि त्याच ओलसर जागी उगवतात. पान चुरगळून लसणाचा वास घ्या, असं सांगतात, पण पहिल्या पानानंतर वास बोटांनाच लागलेला असतो, त्यामुळे पुढच्या पानाला ही परीक्षा फसते. खात्रीची खूण अशी की रानलसणाचं प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र देठावर जमिनीतून येतं. लिली ऑफ द व्हॅलीची पानं दोन-दोन एकाच देठावर असतात. क्रोकसला तर देठच नसतो. एकेक पान बघूनच तोडायचं. मूठभर ओरबाडायचं नाही.

एप्रिलच्या मध्यापासून पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परागस. याच्याइतकं तारखेला बांधलेलं जर्मनीत दुसरं काही नाही. २४ जून, संत योहानचा दिवस, हा शेवटचा. चेरी लाल झाली की श्पार्गेल संपला, अशी म्हणच आहे. त्यानंतर कापणी बंद करतात ती परंपरेखातर नव्हे. हे रोप वर्षानुवर्षं जमिनीत राहतं; उन्हाळ्यात त्याला झुपकेदार पालवी फुटू दिली तरच मुळांत पुढच्या वर्षाची शिदोरी साठते. जूननंतरही कापत राहिलं तर पुढच्या वसंतात बारीक, मोजके कोंब येतात. कोंब पांढरा राहतो कारण तो मातीच्या उंच वरंब्याखाली वाढतो आणि डोकं वर काढायच्या आत कापला जातो. ऊन लागलं की टोक जांभळं आणि मग हिरवं होतं. वरंब्यांवर एका बाजूने काळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असा प्लास्टिकचा कागद असतो. लवकर हवा असेल तर काळी बाजू वर, गरमी वाढली आणि वेग आवरायचा असेल तर पांढरी वर. बर्लिनजवळचं बेलिट्स आणि बाडेनमधलं श्वेत्सिंगेन ही यासाठी नावाजलेली गावं.

विकत घेताना दोन कोंब एकमेकांवर घासून बघतात. ताजे असतील तर चुरचुरतात. कापलेलं टोक ओलसर हवं. मुख्य जेवण असेल तर माणशी अर्धा किलो धरतात, कारण सालीतच बरंच जातं. सोलायची दिशा डोक्याखालून बुडाकडे, आणि साल चांगली जाड काढायची. इथे कंजुषी केली की शिजल्यावर तोंडात धागे येतात, आणि ते नंतर कशानेही सुधारत नाहीत. बुडाचा एक-दोन सेंटीमीटर तुकडा कापायचा. साली आणि बुडं टाकायची नाहीत: ती पाण्यात पाव तास उकळून गाळायची आणि त्याच पाण्यात मीठ, चिमूटभर साखर आणि बटरचा तुकडा घालून कोंब शिजवायचे. जाडीप्रमाणे १० ते १५ मिनिटं. मधोमध काट्यावर उचललेला कोंब दोन्ही बाजूंनी हलकेच वाकला की झाला. उरलेल्या पाण्याचं दुसऱ्या दिवशी सूप.

सोबत नवे बटाटे, हॅम आणि वितळलेलं बटर किंवा हॉलंडेज. हॉलंडेजला ३ बलक आणि तीन चमचे व्हाइट वाइन गरम पाण्याच्या वाफेवर फेसाळ होईपर्यंत फेटून २०० ग्रॅम कोमट वितळलेलं बटर आधी थेंबाथेंबाने, मग धारेने घालतात. भांड्याचं बूड पाण्याला टेकू देऊ नये, नाहीतर बलक शिजून गोळे होतात. सॉस फाटायला लागला तर चमचाभर थंड पाणी टाकून जोरात फेटायचं. पूर्ण फाटलाच तर स्वच्छ भांड्यात नवा बलक घेऊन फाटलेला सॉस त्यात थोडा थोडा मिसळायचा.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. स्ट्रॉबेरी, लाल करंट, चेरी आल्या की जॅम. त्यासाठी पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतला घटक, घातलेली खास साखर मिळते. २:१ लिहिलेल्या साखरेत एक किलो फळाला ५०० ग्रॅम साखर पुरते. खदखदून उकळी फुटल्यावर चार मिनिटं, मग गार बशीवर थेंब टाकून बघायचं. एका भांड्यात किलो-दीड किलोपेक्षा जास्त फळ घेऊ नये; उकळी यायला वेळ लागतो, तोवर पेक्टिन कमजोर होतं आणि जॅम पातळच राहतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लांबट जांभळ्या आलुबुखारांचा, यीस्टच्या पिठावरचा केक. त्यावर साखर केक भाजून झाल्यावर भुरभुरतात, आधी घातली तर फळ पाणी सोडतं आणि बूड भिजतं. फळांखाली पावाचा चुरा पसरला तर उरलेला रस तो पितो.

शेवटी झाउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, कारण तो बाटलीतूनच येतो असा समज आहे. कोबी ऑक्टोबरमध्ये भरतात, जेव्हा उशिराचे घट्ट, गोड गड्डे येतात. श्टुटगार्टच्या दक्षिणेला फिल्डर नावाच्या पठारावर टोकदार कोबी होतो, त्याची पानं पातळ असल्याने तो यासाठी विशेष धरतात. प्रमाण एकच लक्षात ठेवायचं: एक किलो चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ. पाच किलोला १००. मीठ कमी पडलं तर कोबी मऊ पडतो. फार झालं तर आंबवणारे जिवाणूच मंदावतात. विरजण लागत नाही, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पानांवर असतातच. कोबी बारीक चिरून मीठ चोळायचं, थराथराने मातीच्या बरणीत भरायचा आणि प्रत्येक थर मुठीने किंवा लाकडी दांड्याने रस सुटेपर्यंत ठेचायचा. वर कोबीची अखंड पानं, त्यावर वजन. रस पानांच्या वर दोन बोटं उभा राहायला हवा. हवा लागली की वरचा थर बिघडतो, म्हणून झाकणाच्या खोबणीत पाणी भरलेली बरणी सोयीची: आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. मात्र ते पाणी आटू देऊ नये.

पहिले आठ-दहा दिवस १८ ते २० अंशांत ठेवायची, बुडबुडे ओसरले की तळघरात, १५ अंशांखाली. एकूण चार ते सहा आठवडे. त्याहून गरम जागी आंबणं झपाट्याने होतं आणि कोबी लिबलिबीत निघतो. रसावर पातळ पांढरी साय आली तर ती काढून टाकायची, वजन धुऊन पुन्हा ठेवायचं, खालचा कोबी चांगला असतो. काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी आणि कुजका वास असेल तर पूर्ण बरणी रिकामी करायची. शिजवताना धुऊ नये. चव पाण्यात जाते. चरबीत कांदा परतून त्यात कोबी, जुनिपरची पाच-सहा फळं, लॉरेलचं पान, किसलेलं सफरचंद आणि थोडी व्हाइट वाइन घालून अर्धा-पाऊण तास मंद ठेवायचा. पाणचट वाटला तर एक कच्चा बटाटा किसून घालायचा. लागेल तेवढा कोबी कोरड्या, स्वच्छ लाकडी चमच्याने काढायचा आणि उरलेला पुन्हा सपाट दाबून वजन ठेवायचं. रस खाली गेला असेल तर एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ उकळून, पूर्ण गार करून वर ओतायचं.

आपला,
एक वाचक, श्टुटगार्ट